दुसऱ्याच्या रेघांवर

मैदान आखायला दोन माणसं, एक लांब सुतळी, चार खुंट्या आणि पोतंभर फक्की लागते. कोपरा काटकोनात यावा म्हणून तीन-चार-पाचचा हिशेब करायचा. एका बाजूने ३ मीटर, दुसरीने ४, आणि तिरकं माप ५ भरलं की खुंटी ठोकून मोकळं व्हायचं. उत्तर नागपुरातल्या एका शाळेत मी ३१ वर्षं पी.टी. शिकवलं आणि पायथागोरस गणिताच्या सरांपेक्षा जास्त वेळा वापरला. शाळेच्या मैदानावर एकाच खेळाच्या रेघा कधी नसतात. १३ बाय १० चा कबड्डीचा चौकोन, खो-खोचे दोन खांब, धावपट्टीचं वळण, आणि या सगळ्यांच्या अंगावरून जाणारं फुटबॉलचं मैदान. बाहेरून आलेला रेफरी गोंधळून विचारायचा, "सर, यातली आपली रेघ कोणती?" मी सांगायचो, "जी सगळ्यात पांढरी दिसेल ती."

हे सगळं आठवायचं कारण घडलं टेक्सासमध्ये. २०२३ साली आम्ही दोघं मुलीकडे फ्रिस्कोला गेलो होतो. डॅलसच्या उत्तरेला हे गाव आहे. तिथे मराठी माणसं इतकी, की आमच्या हिला किराणा दुकानात उभ्या उभ्या थालीपिठाची भाजणी कुठे मिळते ते कळलं. घरापासून जवळच एफसी डॅलस या व्यावसायिक फुटबॉल संघाचं स्टेडियम. एके दिवशी तिथून जाताना जावईबापू म्हणाले, "बाबा, ही टीम एक वर्ष शाळेच्या ग्राउंडवर खेळली आहे."

मला वाटलं, सासऱ्याची गंमत चालली आहे. व्यावसायिक संघ म्हणजे पगारी खेळाडू, टीव्हीचे कॅमेरे, तिकिटं. तो शाळेत कशाला जाईल? पण त्यांनी पुढच्या रविवारी गाडी काढली आणि आम्ही साउथलेकला गेलो.

साउथलेक हे डॅलस आणि फोर्ट वर्थ यांच्या मधलं सुखवस्तू उपनगर. तिथल्या कॅरोल हायस्कूलचं हे ड्रॅगन स्टेडियम, २००१ मध्ये बांधलेलं. शाळा एकीकडे, स्टेडियम दुसरीकडे. कुंपणाच्या जाळीतून मी पाहिलं आणि पहिला प्रश्न तोंडातून निघाला, "शाळेचं? नक्की?" दोन्ही बाजूंना उंच गॅलऱ्या, प्रकाशाचे मनोरे, पत्रकारांची खोली, कृत्रिम हिरवळ. साधारण ११ हजार माणसं बसतील एवढी जागा.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय हा प्रकार कळत नाही. अमेरिकेतली मेजर लीग सॉकर ही स्पर्धा १९९६ मध्ये सुरू झाली आणि डॅलसचा संघ तिच्या पहिल्या दिवसापासूनचा. तेव्हा त्याचं नाव होतं 'डॅलस बर्न'. (भाजून काढणारं हे नाव खरं तर मे महिन्यातल्या नागपूरला शोभलं असतं.) हा संघ कॉटन बोल नावाच्या जुन्या, अवाढव्य स्टेडियममध्ये खेळायचा. साठ हजारांहून जास्त खुर्च्या आणि प्रेक्षक दहा-बारा हजार. लग्नाचा हॉल हजार माणसांचा घ्यावा आणि पंगतीला दीडशे यावीत, तसं ते दिसायचं. शिवाय घर भाड्याचं. पार्किंग, खाणंपिणं, पाट्यांच्या जाहिराती यांतला पैसा घरमालकाकडे जातो आणि भाडेकरू संघ फक्त तिकिटावर जगतो. अमेरिकी फुटबॉल संघाच्या मैदानावर पाहुणा म्हणून राहणारा जवळजवळ प्रत्येक सॉकर संघ तेव्हा याच दुखण्याने कण्हत होता. लमार हंट या क्रीडा-उद्योजकाने १९९९ मध्ये कोलंबस शहरात फक्त सॉकरसाठी स्टेडियम बांधून पहिला उतारा दाखवला होता. २००३ मध्ये त्याच हंट कुटुंबाने डॅलसचा संघ ताब्यात घेतला. स्वतःचं स्टेडियम व्हायला अजून वेळ होता. मग त्या एका हंगामापुरता संघ साउथलेकच्या शाळेत गेला.

कागदावर हिशेब चुकलेला नव्हता. मैदान छोटं, म्हणून गॅलऱ्या भरलेल्या दिसतील. उपनगरात मुलांना सॉकरच्या वर्गाला सोडणारे आईबाप पुष्कळ, ते कुटुंबासह येतील. झालं उलटं. साउथलेक डॅलसच्या सार्वजनिक वाहतुकीच्या जाळ्यात नाही, म्हणजे बस नाही की रेल्वे नाही. शहरातल्या जुन्या चाहत्याला गाडी काढून तासभर हाकावी लागे. सामन्यामागे प्रेक्षक आठ हजारांच्या आसपास उरले. मैदानातही तेच. जेसन क्राइससारखा नावाजलेला खेळाडू संघात होता, तरी ३० सामन्यांपैकी ६ जिंकले, ५ बरोबरीत सुटले आणि १९ हरले. हंगाम संपायच्या आधी प्रशिक्षक माइक जेफ्रीज यांना घरी पाठवलं गेलं.

आणि यजमानांचं काय? त्याच २००३ मध्ये, त्याच हिरवळीवर, कॅरोल हायस्कूलची मुलं अमेरिकी फुटबॉल खेळत होती. त्यांनी अख्ख्या हंगामात एकच सामना गमावला. तोही राज्याचा अंतिम, केटी या गावाच्या शाळेविरुद्ध, १६ विरुद्ध १५, एका गुणाने. २००२ ते २००६ या पाच वर्षांत या शाळेने ८० सामन्यांपैकी ७९ जिंकले आणि चार वेळा राज्यविजेतेपद मिळवलं. गमावलेला एकमेव सामना तो. पगारी पाहुणे १९ वेळा हरले आणि दहावी-बारावीची पोट्टी एकदाच. जावईबापू फोनवर हे आकडे वाचून दाखवत होते आणि मी जाळीला धरून हसत होतो. मास्तर होतो ना मी. पोरांचा विजय कुठलाही असो, आपलाच वाटतो.

रेघांचा घोळ तिथेही होता, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. अमेरिकी फुटबॉलचं मैदान लांब आणि चिंचोळं, रुंदी ४९ मीटरच्या जरा आत. दर पाच यार्डांवर आडवी पांढरी रेघ, मध्ये छोट्या खुणांच्या रांगा, जागोजाग मोठाले आकडे. आपल्या फुटबॉलला आंतरराष्ट्रीय सामन्यासाठी रुंदी किमान ६४ मीटर लागते. म्हणजे दोन मैदानं एकाच जागी बसवली तरी एकमेकांत मावत नाहीत, एक दुसऱ्याच्या अंगाबाहेर येतं. मातीवर आम्ही जुनी फक्की झाडूने पसरवून टाकायचो. कृत्रिम हिरवळीवर मात्र रेघा बहुधा कायमच्याच बसवलेल्या असतात. त्यामुळे साउथलेकला पगारी खेळाडू दुसऱ्या खेळाच्या रेघांवर धावले. पेनल्टी बॉक्सची कड शोधताना नजर आधी दहा यार्डांच्या रेघेवर अडखळणारच. माझ्या शाळेतल्या रेफरीचाच प्रश्न तो: यातली आपली रेघ कोणती?

व्यावसायिक सामन्याला मैदानाबाहेरचंही बरंच लागतं. दोन संघांना वेगळ्या खोल्या, पंचांना तिसरी, उत्तेजक-चाचणीला चौथी. रुग्णवाहिका आत येऊ शकेल असं फाटक. कॅमेऱ्यासाठी उंच आणि स्थिर जागा. खेळाडू आणि प्रेक्षक एकमेकांत मिसळणार नाहीत अशा वाटा. साध्या शाळेला हे जमत नाही. टेक्सासच्या शाळेला जमतं, कारण तिथे शुक्रवार संध्याकाळचा शाळेचा सामना हा गावाचा सण असतो आणि शाळांच्या मंडळाला घरमालमत्तेवर स्वतःचा कर लावता येतो. मोठं काही बांधायचं तर मतदान घेऊन कर्जरोखे काढतात. फ्रिस्कोच्या शेजारच्या ॲलन गावाने असंच ६ कोटी डॉलरचं, १८ हजार आसनांचं शाळेचं स्टेडियम उभारलं. २०१२ मध्ये ते उघडलं आणि २०१४ मध्ये काँक्रीटला तडे गेले म्हणून बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी डागडुजी होऊन परत सुरू झालं. हे ऐकून आमची ही म्हणाली, "म्हणजे ठेकेदार इथेही आपल्यासारखेच." मी काही बोललो नाही.

डॅलसचा संघ यात एकटा नव्हता. टेक्सासच्याच सॅन अँटोनियोमध्ये स्कॉर्पियन्स हा संघ २०१२ चा पहिला हंगाम शाळांच्या मंडळाच्या हीरोज स्टेडियममध्ये खेळला आणि पुढच्या वर्षी स्वतःच्या घरी गेला. सिअॅटलची गोष्ट मला जास्त भिडली. तिथलं मेमोरियल स्टेडियम १९४७ चं, शहराच्या शाळांच्या मालकीचं. दुसऱ्या महायुद्धात मारल्या गेलेल्या सिअॅटलच्या शाळांमधल्या माजी विद्यार्थ्यांचं ते स्मारक. भिंतीवर सातशेहून अधिक नावं कोरलेली. सिअॅटल साउंडर्स हा संघ १९७४ आणि १९७५ मध्ये तिथे खेळला, किंगडोम नावाचं झाकलेलं भव्य स्टेडियम तयार होईपर्यंत. पुढे चाळीस वर्षांनी मेगन रॅपिनोसारखी विश्वविजेती खेळाडू आपल्या क्लबसाठी त्याच शाळेच्या मैदानावर उतरत होती, २०१४ ते २०१८. हे 'तात्पुरतं' बरंच लांबलं. तात्पुरतं या शब्दाचं सगळीकडे असंच होतं.

मग माझं मन आपसूक घरी वळलं. आपल्याकडे पगारी संघ शाळेत राहायला आला असं उदाहरण मला ठाऊक नाही. बेघर संघ मात्र ठाऊक आहेत. २००७ मध्ये स्थापन झालेला मुंबई एफसी हा संघ आय-लीगमध्ये कूपरेजवर खेळायचा. कूपरेज म्हणजे रोव्हर्स कपचं मैदान, मुंबईच्या फुटबॉलचं देवघरच. त्या मैदानाचं नूतनीकरण निघालं आणि संघ गेला पुण्याला, बालेवाडीला. 'घरचा' सामना घरापासून दीडशे किलोमीटरवर. परळच्या कामगाराने कामावरून सुटून मॅच बघायला एक्सप्रेस वे धरायचा का? संघ काही हंगामांनी कूपरेजला परतला, पण २०१७ मध्ये वरच्या स्तरातून घसरला आणि संपला. सगळं खापर बालेवाडीवर फोडता येणार नाही. पण घर सोडलेल्या संघाचे चाहते परत गोळा करणं किती कठीण असतं, ते साउथलेकनेही सांगितलंच आहे. गोव्यात तर २०२०-२१ आणि २०२१-२२ असे दोन हंगाम इंडियन सुपर लीगचे सगळे सामने खेळवले गेले, ११ संघ एकाच राज्यात कोंडलेले. सामने फातोर्डा, वास्को आणि बांबोळीला. तेव्हा गावच्या पंचायतीच्या मैदानांवर नवी हिरवळ आली, कारण संघांना सरावाला जागा हवी होती. महामारीने गावाला दिलेली एवढी एकच चांगली वस्तू.

आणि नागपूर? आमच्याकडे प्रश्न उलटा आहे. इथे पगारी संघ नाही, पण हौसेने रक्त आटवणारे क्लब आहेत, आणि बहुतेकांना स्वतःचं मैदान नाही. वरच्या गटाचे सामने वर्षानुवर्षं मोतीबागच्या रेल्वेच्या मैदानावर पाहिले. कडबी चौकातून आत वळलं की शिट्टी ऐकू यायची. कामठीची पोरं खेळायला आली की त्यांच्यामागे प्रेक्षकांचा टेम्पो यायचा. कामठी ही इंग्रजांची छावणी, १८२१ पासूनची. फुटबॉल तिथे इतका मुरलेला की शाळेचं आणि क्लबचं नावही एकच, रब्बानी. धंतोलीतल्या यशवंत स्टेडियमचं नाव मात्र आज खेळापेक्षा हिवाळी अधिवेशनातल्या मोर्च्यांमुळे जास्त माहीत आहे. बाहेरगावच्या माणसाला वाटावं, ते मोर्चे सुरू करायलाच बांधलं असावं.

नागपूरच्या मैदानांची गोष्ट विजय बारसे सरांशिवाय पुरी होत नाही. ते हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवायचे. २००१ साली पावसात काही पोरं फुटकी बादली लाथेने ढकलत खेळताना त्यांना दिसली आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभं राहिलं, तेच पुढे 'स्लम सॉकर'. २०१६ मध्ये या संस्थेला फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला आणि २०२२ मध्ये नागराज मंजुळे यांचा 'झुंड' आला. सिनेमात कॉलेज आणि वस्ती यांच्यामध्ये एक भिंत आहे. आमच्या शाळेलाही होती. तिच्यावरून रोज संध्याकाळी वस्तीतली पोट्टी उड्या मारून आत यायची आणि मुख्याध्यापक मला म्हणायचे, "सर, काहीतरी करा." मी एक केलं. भिंतीच्या त्या कोपऱ्यातल्या काचा स्वतः काढून टाकल्या. पाय कापून घेऊ नका, एवढंच पोरांना सांगितलं. निवृत्तीनंतर हे लिहायला हरकत नाही.

उलट ज्यांना फाटक उघडून, पावती फाडून आत घेतलं, त्यांचा अनुभव सांगतो. एका हिवाळ्यात कुणाच्या तरी मोठ्या कार्यक्रमासाठी मैदान तीन दिवस दिलं. मांडव पडला, खुर्च्या गेल्या, मागे उरली बांबूंची भोकं. मोजली तर एकशे बारा. आपली माती काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात लोण्यासारखी. तीवर मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून बसवायला दोन वर्षं लागली होती. शिपाईकाका आणि मी घमेल्याने भोकं बुजवत बसलो. चौथ्या दिवशी आठवीच्या एका मुलाचा पाय उरलेल्या एका भोकात मुरगळला आणि त्याचा आंतरशालेय हंगाम गेला. भाडं शाळेच्या खात्यात जमा झालं होतं, हे मी नाकारत नाही.

म्हणून साउथलेकला जाळीशी उभा असताना मला पडलेला प्रश्न संघाचा नव्हता, शाळेचा होता. पाहुण्यांच्या हंगामात पोरांचा सराव कुठे झाला असेल? त्याचं उत्तर तिथेच होतं, त्या ७९ विजयांत. मेजर लीग आली म्हणून शाळेने आपल्या रेघा पुसल्या नाहीत. पाहुण्याने यजमानाच्या रेघांवर खेळायचं ठरलं होतं आणि तो तसाच खेळला, वाईट खेळला, आणि हंगाम संपल्यावर निघून गेला. २००४ मध्ये संघ परत कॉटन बोलला, आणि ६ ऑगस्ट २००५ रोजी फ्रिस्कोच्या नव्या घरात. नावही बदलून एफसी डॅलस झालं. नव्या घराचं नाव होतं पिझ्झा हट पार्क. हे मी दोनदा विचारून खात्री करून घेतलं. पुढे ते टोयोटा स्टेडियम झालं. याच ठिकाणी ६ ऑगस्ट २०२३ ला मेस्सी मायामीकडून खेळला, सामना ४-४ झाला आणि पेनल्टीवर मायामी जिंकली. मेस्सी घरापासून हाकेच्या अंतरावर आणि आम्ही सोफ्यावर. तिकीट काही मिळालं नाही.

पण त्या स्टेडियममध्ये मी शेवटी गेलो. ते बांधताना शहर, काउंटी आणि हंट कुटुंब यांच्याबरोबर फ्रिस्कोच्या शाळांचं मंडळही भागीदार होतं. म्हणून तिथल्या शाळांचे अमेरिकी फुटबॉलचे सामने त्याच मैदानावर होतात. एकेकाळी शाळेत राहिलेल्या संघाच्या घरी आता शाळा खेळायला येतात. आमची नात शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. सप्टेंबरात एका संध्याकाळी तिच्या शाळेचा सामना होता. आम्ही सगळे गेलो. हिने पर्समध्ये चिवडा नेला होता, तो फाटकावरच परत गाडीत ठेवावा लागला.

मध्यंतरात बँड मैदानावर उतरला. दोनेकशे मुलं, चकाकणारे ढोल, रांगा एकमेकींतून वळत गोल होणाऱ्या. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी मात्र चष्मा पुसून गोलपोस्टच्या दिशेला बघत होतो. इथे खरी हिरवळ आहे. मेस्सी खेळून महिनाच झाला होता. सॉकरच्या रेघा पुसून वर दुसऱ्या मारल्या असणार. पेनल्टी बॉक्सची १६.५ मीटरची कड कुठेतरी फिकट का होईना उरली असेल, असं वाटत होतं. एकदा वाटलं, दिसली. मग दिव्यांची तिरीप बदलली आणि नाहीशी झाली.

सामना संपल्यावर नात घामाघूम होऊन, टोपी काखेत धरून धावत आली. "आबा, मी दिसले का?"

"दिसलीस ना. तिसऱ्या रांगेत."

"आबा! मी पहिल्या रांगेत होते."